एकाच घरातल्या दोन वेगळ्या गोळ्या

वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटे काम करा. उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि अर्धा मिनिट नाडी मोजा. आकडा किती आला हे आज महत्त्वाचे नाही. ठोके सारख्या अंतराने पडतात का, एवढेच पाहा. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला तर घाबरू नका, ते अनेकांना होते. पण दोन ठोके लगेच, मग खंड, मग तीन घाईघाईने, पुन्हा खंड, असा कुठलाच हिशेब लागत नसेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

रिद्धपूर माझे आजोळ. मोर्शी तालुक्यातले हे गाव तुम्हाला महानुभावांची काशी म्हणून ठाऊक असेल, किंवा अलीकडे मराठी भाषा विद्यापीठामुळे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ इथेच सिद्ध केले. ज्याने लीळा पाहिली-ऐकली त्याला गाठून, विचारून, पडताळून त्यांनी ती गोळा केली. रुग्णाची हकिगत कशी घ्यावी हे शिकवताना मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण हमखास देतो. मी तिकडे गेलो की मामाच्या ओसरीवर माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. मागच्या खेपेला एका घरातले दोघे एकत्र आले, सासरे आणि सून. सासऱ्यांचे वय ७६, संत्र्याची बाग, बीपी आणि शुगर दोन्ही. सून ४१ वर्षांची. दोघांच्या ईसीजीवर निदान एकच होते : एट्रियल फिब्रिलेशन.

सासऱ्यांना ॲपिक्साबॅन सुरू होते, दिवसातून दोनदा. सुनेला ॲसिनोकुमारॉल, आणि त्यासाठी दर काही आठवड्यांनी आयएनआरची रक्ततपासणी. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मामाजीच्या गोळीले तपासणी लागत नाही. माही तारीख आली का मजुरी बुडते, गाडीभाडं लागते. बिमारी एकच हाय तर मले बी थेच गोळी द्या ना.” सासरे लगेच म्हणाले, “माह्यातल्याच घे सूनबाई, दोघं मिळून पुरवू.”

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र हृदयाच्या आत आहे, म्हणून आधी आत जाऊ.

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. अलिंद या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी ओसरी. आलेला पाहुणा आधी ओसरीवर टेकतो, मग माजघरात जातो, तसे रक्त आधी अलिंदात येते आणि झडपेतून खाली निलयात उतरते. उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाला एक छोटी गाठ मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देते, दोन्ही अलिंदे आकुंचन पावतात आणि उरलेसुरले रक्त खाली ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा एक इशारा हरवतो. अलिंदात मिनिटाला ३५० हून जास्त विस्कळीत लहरी फिरू लागतात आणि त्याची भिंत आकुंचन न पावता नुसती थरथरते. खाली जायच्या वाटेवरचा दरवान त्यातले थोडेच इशारे पुढे सोडतो, म्हणून नाडी बेताल लागते. सुनेच्या भाषेत सांगायचे तर “छातीत पाखरू फडफडते.” सासऱ्यांना काहीच जाणवत नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या ईसीजीत ते सापडले.

आता डाव्या अलिंदाकडे पाहा. त्याच्या कडेला बोटाएवढी, कानाच्या पाळीसारखी लोंबणारी एक पिशवी असते. जुन्या मराठी पुस्तकांत अलिंदाला कर्णिका म्हणत, ते या कानामुळेच. प्रत्येकाची पिशवी वेगळ्या आकाराची असते. तज्ज्ञांनी या आकारांना निवडुंग, फुलकोबी, कोंबडीचा पंख अशी नावे दिली आहेत. (शेवटचे नाव मी रिद्धपुरात उच्चारले नाही.) तिला तोंड एकच, दुसरीकडे वाट नाही, आणि आतून कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूंच्या रेघा असतात. अलिंद नीट आकुंचन पावत असले तर ही पिशवी दर ठोक्याला पिळून निघते. ते थरथरू लागले की आतले रक्त तिथेच रेंगाळते.

हे सासऱ्यांना समजावायला मला फार बोलावे लागले नाही. मी म्हटले, ठिबकच्या नळीचे शेवटचे टोक आठवा. पाणी सगळीकडून वाहते, पण बंद टोकाशी ते थांबते आणि गाळ तिथेच बसतो. “म्हणूनच त आम्ही टोपण काढून नळी धुतो,” ते म्हणाले. हृदयाला टोपण नाही, एवढाच फरक.

साचलेले रक्त गोठते. रक्त गोठायला तीन गोष्टी मदत करतात असे आपण १९ व्या शतकातल्या फिर्चो यांच्या नावाने शिकवतो : प्रवाह मंदावणे, आतले अस्तर खराब होणे आणि रक्ताचीच गोठण्याची वृत्ती वाढणे. अशी गुठळी सुटली तर ती डाव्या निलयात, तिथून महाधमनीत आणि बऱ्याचदा मानेतल्या धमनीतून सरळ मेंदूत जाते. काही मिलिमीटरची गुठळी माणसाची वाचा आणि एक बाजू घेऊन जाते. कधी ती पायात अडकते, कधी आतड्याच्या धमनीत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासात या विकारामुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट दिसला. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली असेल तर तो सतरापटीच्या आसपास होता.

इथे सासरे आणि सून वेगळे होतात.

सुनेला लहानपणी घसा दुखून ताप आला होता, मग एकेक सांधा सुजत गेला. “थंडीचं हाय” म्हणून ते अंगावर काढले गेले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते. अलिंद आणि निलय यांच्यामधली डावीकडची झडप निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. तिची उघडत होती १.२. अरुंद दारामागे गर्दी तुंबावी तसे रक्त तुंबून तिचे डावे अलिंद फुगले होते. त्यामुळे झडप न बिघडलेल्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त गुठळ्या त्या पिशवीतच सापडतात, पण संधिवाताच्या झडपेत निम्म्याहून थोड्याच अधिक. बाकीच्या खुद्द अलिंदाच्या पोकळीत असतात. हा पाश्चात्त्य पुस्तकांतला किरकोळ तळटीपेचा विषय नाही. भारतातल्या हृदयताल-तज्ज्ञांनी दीड हजारांवर रुग्णांची नोंद ठेवली तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या झडपा संधिवाताने खराब झालेल्या होत्या.

सासऱ्यांचा धोका आम्ही गुण मोजून ठरवतो. पंचाहत्तरीपुढे २, बीपीचा १, शुगरचा १, म्हणजे ४. रक्त गोठू न देणारी गोळी हवीच, आणि त्यांच्यासाठी नवी गोळी उत्तम. फक्त मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते. सुनेला गुण मोजायचेच नसतात. झडप एवढी अरुंद आणि ताल बिघडलेला, की गोळी हवीच. पण नवी नाही. २०२२ साली ‘इन्व्हिक्टस’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचे, बहुसंख्य स्त्रिया, म्हणजे अगदी आपल्या सुनेसारख्या. नवी गोळी रिव्हारोक्साबॅन निदान जुनीइतकी तरी ठरेल अशी अनेकांची अटकळ होती. निघाले उलटे. जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले आणि रक्तस्राव काही वाढला नाही.

तेव्हा गोळ्यांची अदलाबदल बंद. सासऱ्यांच्या वाटणीतून दोघांना पुरवणे तर त्याहून वाईट, कारण अर्ध्या मात्रेत दोघांचेही संरक्षण जाते. “त्यापरीस ॲस्पिरिन घेतलं त? पाच रुपयांत होते,” सासऱ्यांनी विचारले. या आजारात ॲस्पिरिन पुरत नाही. पोटातून रक्त जायचा धोका मात्र देते.

सुनेची खरी अडचण गोळीची नव्हती, तारखेची होती. ती सोडवली. तिचा आयएनआर २ ते ३ मध्ये राहायला हवा. तो स्थिरावेपर्यंत लवकर-लवकर तपासणी, नंतर महिन्याने. मोर्शीला बाजाराच्या दिवशीच रक्त द्यायचे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, असे ठरले. “अंबाडीची भाजी सोडू का?” सोडू नका. पालक, मेथी, अंबाडी यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो हे खरे, पण आठवडाभर रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडाभर अजिबात नाही, हे जास्त घातक. दर आठवड्याला साधारण सारखीच खा.

पुढे तिची झडप फुग्याने उघडायचा विचार आहे. त्याआधी अन्ननलिकेतून सोनोग्राफी होईल. अन्ननलिका डाव्या अलिंदाला अगदी पाठीमागून टेकलेली असते, त्यामुळे छातीवरून नीट न दिसणारी ती पिशवी तिथून स्वच्छ दिसते. आत गुठळी असेल तर फुगा लांबणीवर, आधी गोळीने ती विरघळू द्यायची.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर दोन गोष्टी फळीवर चिकटवून ठेवा. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. आणि तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली तर शुद्ध येईल, बरे वाटेल अशी वाट न पाहता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर, म्हणून सीटी असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. रुग्ण रक्त पातळ करायच्या कोणत्या गोळीवर आहे, हा तिथला पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो.