दिवाळीचे सिनेमे, श्रावणातलं बक्षीस

दिवाळीला पुण्याहून कोपरगावला येताना नव्या सिनेमांपैकी कुणाला पुरस्कार मिळणार, याचा अंदाज बांधायचा मला नाद. 2023 साली 10 नोव्हेंबरला 'नाळ 2' आणि सुजय डहाकेचा कृष्णधवल 'श्यामची आई' एकाच दिवशी आले. दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार घेणार, मी घरी ठासून सांगितलं. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला तर 1954 मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेलं. आईला नवा बघायचाच होता. पण लक्ष्मीपूजनाला 'टायगर 3' आला आणि आमच्या बाजूला मराठीच्या वाट्याला भर दुपारचे खेळ उरले. भाऊबीजेचे पाहुणे टाकून दुपारी बाराला घराबाहेर पडणारी आई कुणी पाहिलीय? (पुरुष मात्र 'टायगर'ला गेले.) पुढच्या आठवड्यात सिनेमा उतरला.

1 ऑगस्ट 2025 ला पुरस्कार जाहीर झाले. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, 'नाळ 2' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. तब्बल एकवीस महिन्यांनी! श्रावणी शुक्रवार होता, आई जिवतीची पूजा आटोपून बसलेली. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग आता परत लावतील का रे?"

"मोबाईलवर बघ ना."

"त्यात कसली आई दिसणार, बोटाएवढी," ती म्हणाली आणि पुरणपोळी खाल्लीस का, ते विचारू लागली.