बिल बंद व्हायच्या आत

प्रिय जँगो अ‍ॅडमिन,

पहाटे सहाला संकलन केंद्रावर कॅनची रांग लागलेली असते. यंत्रावरचं फॅट वाचून पोरगा नोंदी करत जातो आणि घाईत आकडे उलटे पडतात. ४.३ चं ३.४ होतं. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो, बिल दहा दिवसांनी निघतं. म्हणजे ती नोंद सुधारायला फार तर दहा दिवस मिळतात. चूक नवव्या दिवशी झाली असेल तर एकच.

मी दुधाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो, बॅकएंडचं काम. तू आमच्याकडे येण्याआधी दुरुस्तीची वाट अशी होती: केंद्रावरून पावतीचा फोटो संकलन विभागातल्या ताईंकडे, त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे, मग मी डेटाबेसमध्ये शिरून हाताने क्वेरी चालवायची. "दादा, तेवढं फॅटचं बघा की, बिल बंद व्हायच्या आत," हे मी दर बिलाला ऐकायचो. एका दसऱ्याला मी गावी होतो, रेंज नव्हती आणि बिल बंद झालं. सात नोंदी चुकीच्याच राहिल्या. पुढच्या बिलात फरक देऊन टाकला, पण त्याआधी एक म्हातारे गृहस्थ सगळ्या पावत्या रुमालात बांधून ऑफिसात येऊन बसले होते. त्यांना उत्तर द्यावं लागलं ताईंना. खरं तर ताईंना चूक ठाऊक होती, बरोबर आकडा ठाऊक होता, पुरावा त्यांच्या हातात होता. तरी त्या काही करू शकत नव्हत्या, कारण किल्ली माझ्याकडे होती आणि मी तिथे नव्हतो. हे मला आजही टोचतं.

परत आल्यावर त्याच रात्री मी तुझी फाईल लिहायला बसलो. उत्पादक (म्हणजे आमचे सभासद), केंद्र, नोंद, दरपत्रक ही सगळी मॉडेल्स आधीच लिहिलेली होती. कोणत्या रकान्यात तारीख, कुठे दशांश, कोणती नोंद कोणत्या उत्पादकाची, हे मी पायथनमध्ये एकदा सांगून ठेवलेलं होतं. तू तेच वाचलंस आणि त्यातून फॉर्म उभा केलास. तारखेला कॅलेंडर आलं, फॅटला आकड्याची चौकट आली, भलतंच काही भरलं तर लाल अक्षरांत अडवणूक आली. वर शोधायला पट्टी, बाजूला केंद्रानुसार चाळणी. माझ्या अकरा ओळी झाल्या असतील. जावास्क्रिप्टची एकही नाही.

हे तुझ्या जन्मातच आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्रात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क लिहायला घेतलं, ज्याचा तू एक भाग. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर नवं काही उभं करायचं तर हातात तास असायचे, फार तर दिवस. शिवाय मजकूर भरणारे बातमीदार आणि संपादक, प्रोग्रामर नव्हेत. म्हणून डेटाचा आराखडा लिहिला की भरण्याचं पान आपोआप मिळावं, ही सोय. जुलै २००५ मध्ये जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव घेतलं गिटारवादक जँगो राइनहार्टचं. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांवर त्याने वादनाची आपली रीत बसवली. वर्तमानपत्राची छपाईची वेळ आणि दुधाचं बिल, दोन्ही कुणासाठी थांबत नाहीत. तू एवढ्या लांबून येऊन आमच्या कामात इतका चपखल का बसलास, हे मला त्यावरून कळलं.

पहिल्या दिवशी मात्र ताईंनी यादी उघडली आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. 'नोंद ऑब्जेक्ट (१७)', 'नोंद ऑब्जेक्ट (१८)', अशा शंभर ओळी. "यातली कुणाची कुठली?" त्यांनी विचारलं. चूक माझी होती. नोंदीने स्वतःची ओळख कशी द्यायची, हे मॉडेलला सांगायचं राहिलं होतं. दोन ओळी घातल्या आणि यादीत सभासदाचं नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट दिसू लागलं. मग त्यांनी डाव्या बाजूला बोट ठेवलं. मी रकान्यांना आणि तक्त्यांना मराठी नावं दिली होती, पण अनेकवचन वेगळं दिलं नव्हतं. तू इंग्रजीच्या सवयीने 'केंद्र'च्या शेवटी एस चिकटवला होतास. 'केंद्रे', 'नोंदी', 'उत्पादक' असं एकेकाला सांगावं लागलं. हे काम दहा मिनिटांचं, पण टाळू नये. ज्याला दिवसभर त्या पानासमोर बसायचं आहे, त्याला आपल्या कामाचे शब्द आपल्या भाषेत दिसले पाहिजेत.

तुझे दोष मी लपवणार नाही. नोंदीच्या फॉर्मवर उत्पादक निवडायची यादी तू सरळ ड्रॉपडाउन म्हणून मांडतोस. चाचणीत वीस उत्पादक होते तेव्हा छान वाटलं. खऱ्या डेटात ते हजारोंनी होते, आणि तू ती सगळी नावं प्रत्येक फॉर्मवर ओतू लागलास. ताईंचा जुना संगणक पान उघडायला मिनिट घ्यायचा. दोन अक्षरं टाइप केली की जुळणारी तेवढीच नावं आणणारी सोय तुझ्यात जँगो २.० पासून आहे, ती एका ओळीत लावता येते. ती मी आधीच लावायला हवी होती.

दुसरा दोष हिशेबाच्या माणसाला जास्त बोचतो. कोणी, कधी, कोणता रकाना बदलला याचा इतिहास तू आपण होऊन ठेवतोस, आणि माझ्या हाताच्या क्वेरींनी यातलं काहीच मागे ठेवलं नव्हतं, म्हणून मला त्याची किंमत आहे. पण 'फॅट बदललं' एवढंच तू लिहितोस. आधी किती होतं ते नाही. पैशाच्या कामात जुना आकडा खोडायचा नसतो, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा असतो, हे वही लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाला शिकवलेलं असतं. म्हणून नोंद जतन होताना मध्ये थांबून जुना आकडा, नवा आकडा आणि कारण वेगळ्या तक्त्यात ठेवण्याचं काम मी जोडलं. कारण लिहिल्याशिवाय फॅट बदलता येत नाही. ताईंनी स्वतःच तसं मागितलं होतं.

आणि एकदा तू आम्हाला वाचवलंस. एकच केंद्र दोनदा नोंदलं गेलं होतं. नव्या मुलाला त्यातलं एक काढायचं होतं. त्याने डिलीट दाबलं तेव्हा तू लगेच पुसून टाकलं नाहीस. या केंद्राबरोबर काय काय जाईल याची यादी समोर ठेवलीस. ते चुकीचं केंद्र होतं, त्याच्याखाली महिन्यांच्या नोंदी होत्या. तो खाली सरकवत राहिला, यादी संपेना. घाबरून त्याने फोन केला. त्या दुपारी मी दोन गोष्टी केल्या: नोंदी असलेलं केंद्र पुसताच येणार नाही असं मॉडेलमध्ये बांधलं, आणि पुसण्याची परवानगी सगळ्यांकडून काढून घेतली. घाईत सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकणं हा आम्हा बॅकएंडवाल्यांचा जुना आळस आहे. तुझ्यात भरणं, बदलणं, पुसणं यांच्या परवानग्या वेगळ्या आहेत, आणि २०१८ च्या २.१ पासून नुसतं बघण्याचीही आहे. हिशेबतपासनिसाला तेवढीच लागते.

हे पत्र खुलं लिहितोय ते माझ्यासारख्या इतर बॅकएंडवाल्यांसाठी. स्क्रीन बनवणं आपलं काम नाही असं म्हणून आपण हात झटकतो, आणि ऑफिसातली माणसं आपल्या फोनची वाट बघत बसतात. किंवा उलट होतं: आतल्या चार माणसांसाठी वेगळा फ्रंटएंड हवा असं ठरतं, महिने जातात, आणि तोवर क्वेरी हातानेच चालत राहतात. जिथे डेटाचे नियम लिहिलेले आहेत तिथूनच साधं पान उभं करता येतं. आकडेमोड आणि आलेखांचं काम असेल तर स्ट्रीमलिट आहे, तिथे एक पायथन स्क्रिप्टच पान होतं आणि प्रत्येक बदलाला वरपासून पुन्हा चालतं. आर भाषेवाल्यांना २०१२ पासून शायनी आहे. रेल्सवाले, पीएचपीवाले, सगळ्यांकडे आपापलं काही ना काही आहे. हत्यार कोणतंही घ्या, पण ताईंना पुढच्या बिलाआधी द्या.

तुझी हद्द कुठे संपते, हे तुझ्या माहितीपुस्तिकेतच स्वच्छ लिहिलंय: तू संस्थेच्या आतल्या वापरासाठी आहेस, आणि तक्ते लपवून कामाच्या क्रमाने चालणारं पान हवं असेल तर ते स्वतः लिहावं. आम्हाला ते बिल बंद करताना कळलं. तुझ्यात प्रत्येक तक्त्याला एक पान, पण बिल बंद करणं हे एकच काम चार तक्त्यांतून जातं. ताई कागदावर क्रम लिहून एकेका पानावर जायच्या, आणि एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी मी वेगळं पान केलं. तेही सर्व्हरवरूनच बनून येणारं, एक फॉर्म, एक बटण. अडलेल्या नोंदी वर लाल रंगात दिसतात, आणि त्या संपल्याशिवाय बटण चालत नाही. अडलेल्या नोंदीवर टिचकी मारली की ती थेट तुझ्या फॉर्मवर घेऊन जाते. तुमची दोघांची अशी जोडी छान जमली आहे.

या दसऱ्याला मी पुन्हा गावी होतो. परत आल्यावर मुद्दाम इतिहास उघडून पाहिला. बिलाच्या आदल्या संध्याकाळी ताईंच्या नावावर नऊ दुरुस्त्या होत्या, प्रत्येकीपुढे कारण: 'पावतीप्रमाणे', 'पावतीप्रमाणे', एका ठिकाणी 'सभासद स्वतः पावती घेऊन आले'. माझ्या फोनवर त्या दिवशीचा एकही निरोप नव्हता.

त्यांची एक मागणी मात्र अजून बाकी आहे. शोधपट्टीत नावाने शोध लागतो, सभासद क्रमांकाने लागत नाही, आणि एका गावात एकाच नावाचे चारजण असतात. एका शब्दाचं काम आहे. उद्या सहाला रांग लागायच्या आत करतो.

तुझा,
दुधाच्या हिशेबातला एक बॅकएंडवाला