पाठ टेकल्यावर

पाठीवर पडलं की आधी पंखा दिसतो. मग पंख्याच्या पात्यांवरची काळी धूळ, आणि त्याच्या पलीकडं छतावर पावसाच्या ओलीनं उमटलेला पिवळट डाग. तो डाग मला आता तळहातासारखा ओळखीचा झालाय. पुण्यात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला, मी त्या डागाकडं बघत पडलेली असते आणि माझ्या छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. कधी कॉलेजातला पोरगा, कधी बँकेत नोकरी करणारी माझ्याच वयाची बाई. या खेळाचं नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. एकेचाळिसाव्या वर्षी मी तो शिकायला लागले.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं माणसाला पाठीवर पाडायला शब्दांची कमी नाही. चितपट केला, आसमान दाखवलं, माती चारली, लोळवला, पाठ लावली. सगळे शब्द वर असलेल्याच्या बाजूचे. खाली पडलेल्याच्या बाजूनं बोलणारा एकही शब्द मला आठवत नाही. पाठीला माती लागली की कुस्ती सुटते, हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि पडलेला माणूस अंगावरची माती झटकत गर्दीत नाहीसा होतो. त्याचं पुढं काय झालं हे कुणी सांगत नाही.

माझे वडील, आण्णा, पैलवान. पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीतून सोळाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या तालमीत आले. 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं होतं, आणि त्या पदकाची गोष्ट ऐकत आण्णांसारखी पोरं वाढली होती. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आण्णा लढले. जिंकलेल्या कुस्त्या ते आम्हाला डावासकट सांगत. ढाक कशी लावली, घिस्सा कसा मारला, हलगीवाल्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. हरलेल्या कुस्तीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचे, "लागली पाठ."

आण्णांचे कान मी लहानपणी तासन्‌तास बघितलेत. मातीत घासून, दाबून, सुजून सुजून घट्ट झालेले, वरची घडी पार बुजलेली. बोट लावलं तर कान न वाटता कोवळ्या फणसाचा तुकडा वाटायचा. रस्त्यानं जाताना अनोळखी माणूस त्या कानांकडं बघून "राम राम, वस्ताद" म्हणायचा.

दुधाची किटली घेऊन मी तालमीत जायची ती उंबऱ्यापर्यंत. आत हौदा, हौद्यात तांबडी माती. ताक, तेल, हळद, लिंबू कालवून मऊ केलेली. भिंतीवर शेंदराचा मारुती. तो वास अजून नाकात आहे. पण उंबऱ्याच्या आत मुलींनी यायचं नसे. कुणी रागावून सांगितलेलं मला आठवत नाही, सांगावं लागतच नव्हतं. मी किटली उंबऱ्यावर ठेवायची, आणि आतून एखादा मातीनं माखलेला हात येऊन ती उचलायचा.

म्हणून त्या हॉलच्या दारात, मुलीचा क्लास सुटायची वाट बघत बसलेली असताना सर म्हणाले, "ताई, बाहेर कशाला बसता? आत या," तेव्हा मला एकदम काही बोलता आलं नाही. सर माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरल्या. मी चपला काढल्या आणि मॅटवर पाय ठेवला. मॅट निळ्या रबराची, मातीचा कणही नाही. तरी मी वाकून तिला हात लावला आणि कपाळाला लावला.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला पाठीवर झोपवलं आणि म्हणाले, "आता सुरुवात करू." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

कोल्हापुरात पाठ लागली की संपतं. जपानात जिगोरो कानो यांनी 1882 साली सुरू केलेल्या ज्यूदोतही गड्याला जोरात, स्वच्छ पाठीवर आपटला की तिथंच निकाल. पण त्याच ज्यूदोतला एक गडी, मित्सुयो माएदा, देशोदेशी कुस्त्या करत 1914 साली ब्राझीलला पोचला आणि ॲमेझॉनच्या मुखापाशी बेलेम शहरात स्थिरावला. तिथं कार्लोस ग्रेसी नावाचा पोरगा त्याच्याकडं शिकला. पुढं कार्लोसनं रिओमध्ये आखाडा काढला, धाकटे भाऊ हाताशी घेतले. त्यातला एलियो अंगानं किरकोळ. भारी माणूस अंगावर आला की तो खाली जाणार हे ठरलेलंच. मग या घरानं खालच्या जागेचाच अभ्यास मांडला. पाय गड्याच्या कमरेभोवती, हात त्याच्या कॉलरला, आणि कंबर सतत हलती. या बसण्या-निजण्याला ते गार्ड म्हणतात. 1993 साली डेन्व्हरला एका स्पर्धेत एलियोचा मुलगा रॉयस आपल्याहून भारी गड्यांना एकामागून एक शरण आणून गेला, तेव्हा जगाच्या ध्यानात आलं की पाठीवर पडलेला माणूसही लढत असतो.

हे वाचून माहीत असणं वेगळं. अंगाला ते कळायला मला सहा महिने लागले. छातीवर सत्तर किलो आले की पहिल्यांदा श्वास जातो, मग डोकं. मी दोन्ही हातांनी वरच्याला ढकलत राहायची आणि मिनिटभरात दमून मेल्यासारखी पडायची. सर वरून सांगायचे, "ताई, त्याला हलवू नका. स्वतः हला." कुशीवर वळायचं, एक टाच जमिनीत रोवायची, कंबर मागं फेकायची. याला म्हणतात श्रिंप, म्हणजे कोळंबी. एका खेपेत चार बोटांची जागा मिळते. त्या जागेत गुडघा शिरतो. पुन्हा टाच, पुन्हा कंबर, आणखी चार बोटं. या खेळात गार्ड ओलांडला तर तीन गुण, छातीवर स्वार झालं तर चार. खालून नुसतं सुटण्याला गुण नाही. पहिलं अख्खं वर्ष मी ज्याला गुण नाही तेवढंच शिकत होते, आणि त्या वर्षाइतकं माझ्या अंगी दुसरं काही लागलेलं नाही.

सगळ्यात अवघड गेला तो टॅप. हात अडकला, गळा आवळला, की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. तो तत्क्षणी सोडतो. पुन्हा हात मिळवायचे आणि पुन्हा सुरू. इतकं सोपं. माझा हात उचलायचाच नाही. एकदा एकोणीस वर्षांच्या पोरानं माझा कोपर ताणला आणि मी दात आवळून तशीच पडून राहिले. कोपरात काहीतरी कट्‌ झालं. पोरगा पांढराफटक. सरांनी बर्फ लावला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही थोपटलं नाहीत तर उद्यापासून तो कुणाचाच हात नीट धरणार नाही. त्याला शिकायचंय ना?"

माझं सहन करणं दुसऱ्यावर ओझं होऊन बसतं, हे तोवर मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात आण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. त्यांना मी पुण्याला आणलं. ऑफिस, मुलीची दहावी, रात्री तीनदा उठणं. दादाचा मुंबईहून फोन यायचा, "काही लागतंय का गं?" आणि मी म्हणायची, "काही नाही, सगळं ठीक आहे." चार महिने मी हेच म्हणत राहिले. एका रात्री त्याचा फोन वाजला तेव्हा मी बेसिनपाशी भांडी घासत उभी होते, आणि दुखऱ्या कोपराकडं लक्ष गेलं. म्हटलं, "दादा, मला झेपत नाही. महिन्यातला एक आठवडा तू येऊन राहा." पलीकडं क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "अगं, आधी का नाही बोललीस?" पुढच्या शनिवारी तो बॅग घेऊन दारात.

एलियोची एक कुस्ती या खेळात सगळे सांगतात. 1951, रिओचं माराकाना मैदान, समोर जपानचा मासाहिको किमुरा, वजनानं कितीतरी भारी. किमुरानं त्याचा हात मागं पिळला. हाड मोडायची वेळ आली तरी अडतीस वर्षांच्या एलियोनं थोपटलं नाही. शेवटी कोपऱ्यातून थोरल्या भावानं, कार्लोसनं, हार मान्य करून त्याला सोडवलं. लोक एलियोच्या न थोपटण्याला हात जोडतात. मला मात्र कार्लोस मोठा वाटतो. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढची: तो हात पिळण्याचा डाव ब्राझीलवाल्यांनी आपलासा केला आणि त्याला नाव दिलं किमुरा. ज्यानं आपली पाठ लावली त्याचं नाव घेऊन ते आजही पोरांना शिकवतात. आण्णांनी हरलेल्या कुस्त्या कधी सांगितल्या असत्या तर मला केवढं मिळालं असतं!

हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. खाटेवर उताणे, नजर पंख्याकडं. उजव्या हाताची बोटं चादरीवर फिरत होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझी तर आता कायमचीच लागली बघ पाठ."

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. त्यांनी आण्णांचे दोन्ही गुडघे मोडून उभे केले, डावं पाऊल हातानं दाबून धरलं आणि सांगितलं, "काका, आता कंबर उचला." मी बघतच राहिले. ही तर माझी रोजची सकाळची कवायत. छातीवर कुणी बसलं की आधी हेच: टाचा रोवायच्या, कंबर उचलायची, मग वळायचं. त्या गेल्यावर मी जमिनीवर सतरंजी टाकली, आण्णांच्या खाटेशेजारी उताणी झोपले आणि म्हटलं, "आण्णा, माझ्याबरोबर करा. हा डाव आहे."

त्यांनी मान वळवून बघितलं. मी कंबर उचलली, कोळंबीसारखी सरकले, पुन्हा उचलली. दोनदा बघून झाल्यावर म्हणाले, "दम कोंडतीस तू. दम सोडत उचल. आणि खांदा मागनं येऊ दे, आधी कंबर." मी दम सोडत उचलली. खरंच हलकं गेलं. मग मी उठून त्यांचं डावं पाऊल दाबून धरलं आणि त्यांनी उचलली. दोन बोटं. "परत," ते स्वतःलाच म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमची तालीम भरते. ते खाटेवर, मी सतरंजीवर. चुकलं की मला ओरडतात. 2023 साली सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीच्या पहिल्या कुस्त्या झाल्या, त्यांचे व्हिडिओ मी त्यांना मोबाइलवर दाखवते. पोरींचे पट कुठं उशिरा पडतात ते ते बोटानं दाखवतात. परवा एका हरलेल्या पोरीकडं बघता बघता त्यांनी आपली सांगलीची कुस्ती सांगितली. पाठ कशी लागली, कुठल्या पायावर भार चुकला, सगळं. मी ती वहीत लिहून ठेवली आहे.

कुशीवर वळायला त्यांना आठ महिने लागले. उजव्या पंजात डावं मनगट पकडतात, गुडघे मोडतात, दम सोडतात, कंबर आधी, खांदा मागनं. पाण्याची बाटली खाटेच्या उजव्या बाजूला स्टुलावर ठेवलेली असते. आता रात्री ते मला हाक मारत नाहीत. पहाटे क्लासला निघताना मी बघते, तर बाटली अर्धी झालेली असते.