टाहो

"टाहो? तळ्याला असलं नाव कुणी ठेवलं?" फ्रीमाँटच्या आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजता भाजता आईनं विचारलं. मी सांगितलं की हे नाव तिथल्या मूळच्या वॉशो लोकांच्या बोलीतून आलंय, त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ नुसता 'तळं' असाच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते लोक उन्हाळ्यात त्या काठाला येऊन राहायचे. आईचं समाधान झालं नाही. आपल्याकडे टाहो फोडतात तो घरातलं माणूस गेल्यावर. वासरू नेलेली गाय फोडते तोही टाहोच. "नाव असं उगाच पडत नसतंय," एवढं म्हणून ती शेंगदाण्यांची सालं पाखडायला लागली.

त्या तळ्याकाठी माझी मैत्रीण राहते. पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. एका बादलीत दोघींचे कपडे भिजायचे, घरून आलेला डबा कुणाचा हे विचारायची वेळ कधी आली नाही. आता ती होमवुडला आणि मी फ्रीमाँटला. मध्ये दोनशे मैलांहून थोडा जास्त रस्ता, सकाळी निघालं तर जेवायला पोचता येईल एवढा. तरी चार वर्षं आम्ही भेटलो नव्हतो. २०२१च्या एप्रिलमध्ये पुण्यात तिची आई गेली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते ते. तिला जाता आलं नाही, फोनच्या काचेवर तिनं शेवटचं पाहिलं. मी दोन ओळींचा निरोप पाठवला आणि ठरवलं, जरा सावरली की फोन करीन. आठवडा गेला, मग महिना गेला, मग इतके दिवस गेल्यावर काय तोंडानं फोन करायचा, हेच कारण झालं. पुढे वाढदिवसाच्या शुभेच्छा येत-जात राहिल्या. त्याला बोलणं म्हणत नाहीत.

आई सहा महिन्यांसाठी आली आणि म्हणाली, "तुझी ती मैत्रीण कुठंय? तिच्याकडे जाऊ." मग मला पळवाट उरली नाही. आईचे गुडघे दुखतात, चार-पाच तास एका जागी बसवत नाही, म्हणून नवऱ्यानं पंचवीस फुटी आरव्ही भाड्यानं घेतली. हे एक कारण झालं. दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं छप्पर आपल्याबरोबर असलं की तिच्या दारात उतरून तिला अवघडवायला नको, असं मला वाटत होतं.

गाडीच्या पोटात एका कोपऱ्यात शेगडी, हातभर ओटा, सिंक, छोटा फ्रिज, मागे पलंग आणि चालकाच्या डोक्यावर मुलांचा माळा. आईनं सगळं हात लावून पाहिलं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," ती म्हणाली, आणि लगेच तिनं कामाचा प्रश्न विचारला, "पाणी किती?" चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. तिनं मनात भागाकार केला. "दहा-बारा घागरी. पाच माणसं. तीन दिवस. पुरवून वापरलं तर पुरंल."

आईचं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. १९७२च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, आणि तळाला गेलेल्या विहिरीवर रात्री नंबर लावून बसणं. खडकातून पाझरणारं पाणी वाटीनं भरून घ्यायचं आणि वाटीनं घागरीत ओतायचं. गाडीतल्या भिंतीवर दिव्यांची एक पट्टी असते. कळ दाबली की चांगलं पाणी किती उरलं, सांडपाणी किती साठलं, संडासाच्या टाकीत किती झालं हे कळतं. नळ सोडला की एक दिवा विझतो आणि दुसरीकडे एक पेटतो. घरी मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं याचा विचार मुलांनी कधी केला नव्हता. इथं ते पायाखालच्या टाकीतच बसून राहतं. धाकट्यानं पहिल्याच दुपारी नळ सोडून दात घासले, तेव्हा आई त्याला ओरडली नाही. त्याच्या हातात तांब्या दिला आणि तांब्यातल्या पाण्यात दात, तोंड, हात सगळं कसं होतं ते दाखवलं. पुढचे तीन दिवस घरातले सगळे तांब्यानंच वागले.

सॅक्रामेंटोचं सपाट खोरं मागे पडलं की ऑबर्नपासून सिएरा नेव्हाडाचा चढ लागतो. पिवळं गवत आणि ओकची झाडं संपून पाइन सुरू होतात. वेफर्सच्या पिशव्या उंचीवर फुगून टणक झाल्या, त्या मुलांनी ढोलकीसारख्या वाजवल्या. डॉनर खिंडीजवळ डोंगरात जुन्या रेल्वेची वाट दिसते. १८६०च्या दशकात चिनी मजुरांनी ग्रॅनाइट फोडून तिथं बोगदे पाडले. आपल्या बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर चढली, म्हणजे एकाच दशकात पृथ्वीच्या दोन टोकांना माणसं सुरुंगाच्या दारूनं डोंगर फोडत होती आणि त्यात मरत होती. आई त्या काळ्या तोंडांकडे मान वळवून बघत राहिली. खंडाळ्याचा घाट तिला पाठ आहे. इथल्या बोगद्यांकडेही तिनं तसेच हात जोडले.

ट्रकीहून रस्ता नदीच्या काठानं वर जातो. ही ट्रकी नदी म्हणजे तळ्याची एकुलती एक वाट. त्रेसष्ट ओढे-नाले तळ्यात उतरतात आणि बाहेर पडते ती हीच. "समुद्राला कुठं मिळते?" आईनं विचारलं. मिळतच नाही. नेव्हाडाच्या वाळवंटात पिरॅमिड लेक नावाचं सरोवर आहे, तिथं पोचते आणि तिथंच उन्हात उडून जाते. आई बराच वेळ गप्प होती. माणगंगा वर्षातले कित्येक महिने कोरडी बघितलेल्या बाईला, नदीनं वाहत जाऊन समुद्राला न मिळणं कसं वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

मग झाडांमधून तळं दिसलं. कळसूबाईच्या शिखराहून आठशे फूट वर एवढं पाणी! पस्तीस किलोमीटर लांब, एकोणीस रुंद, सगळ्यांत खोल जागी १,६४५ फूट. आईला हे आकडे सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं, कोयनेसारखी पन्नास धरणं काठोकाठ भरली तर एवढं पाणी होईल. तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

आमचा मुक्काम शुगर पाइन पॉइंटच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर होता. तिथं गाडीला जोडायला नळ नाही, वीज नाही. प्रत्येक जागेवर एक लोखंडी पेटी असते, अस्वलांपासून अन्न राखायला. जे जे वासाचं ते ते त्या पेटीत. घाटातल्या एका वळणावर कपाटाचं दार उघडून कांदा-लसूण मसाल्याची बरणी फुटली होती आणि अख्ख्या गाडीला त्याचा वास लागला होता. आईनं एक तांब्या पाणी आणि ओलं फडकं एवढ्यात ती जमीन तीनदा पुसली. मग चटणी, चिवडा, टूथपेस्ट आणि तिची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा पेटीत गेली. जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक घातलं तर व्हॅनिलासारखा वास येतो. मुलं झाडाझाडाला नाक लावत फिरत होती. चहा टाकला, तर उकळी फुटूनही त्याला रंग चढेना. एवढ्या उंचीवर पाणी चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. "उकळतंय, पण जोर नाही," आई म्हणाली आणि तिनं गॅस बारीक करून झाकण ठेवलं.

तेवढ्यात मैत्रीण आली. केस पुष्कळ पांढरे झाले होते. आईच्या पाया पडली. "काकू, तुम्ही बारीक झालात." माझ्याकडे बघून हसली, तसंच, एक खांदा किंचित वर करून. आम्ही मिठी मारली आणि मग दोघीही भराभर मुलांबद्दल, रस्त्याबद्दल, डासांबद्दल बोलत सुटलो.

तिचा नवरा इंजिनियर आहे, पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे निचरे आखतो. रात्री शेकोटीशी त्यानं तळ्याचं दुखणं सांगितलं. १८७३ मध्ये बर्कलीचे प्राध्यापक जॉन लेकाँट यांनी जेवणाची पांढरी ताटली दोरीला बांधून या पाण्यात सोडली होती, ती १०८ फुटांपर्यंत दिसत राहिली. १९६८पासून डेव्हिसच्या विद्यापीठाचे लोक पांढरी तबकडी सोडून नेमानं मोजतात. पहिल्या वर्षी सरासरी १०२ फूट आली होती, अलीकडे ती साठ-सत्तरच्या घरात असते. घाण म्हणावी असं काही पाण्यात दिसत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर वाळू टाकतात, टायरखाली ती दळली जाते, पिठाहून बारीक होते आणि बर्फ वितळलं की तळ्यात उतरते. जाड वाळू तळाला बसते, ही धूळ मात्र वर्षानुवर्षं पाण्यात तरंगत राहते आणि उजेड अडवते. आणि तळ्यात आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी साडेसहाशे वर्षं घेतं. मी आमच्या गाडीच्या सहा टायरांकडे पाहिलं. त्याच रस्त्यानं आम्ही आलो होतो.

दुसऱ्या सकाळी वारा पडलेला असताना मैत्रीण आणि मी कायाक घेऊन निघालो. चिनी मातीची पांढरी ताटली भाजीच्या जाळीच्या पिशवीत घातली होती, खाली दगड, आणि पाच-पाच फुटांवर गाठ मारलेली दोरी. किनाऱ्याजवळचे हिरवे खडक संपले आणि खालचा रंग एकदम गडद निळा झाला. तिनं ताटली सोडली. आम्ही दोघी गाठी मोजत होतो, मोठ्यानं, एका सुरात, परीक्षेआधी पाढे म्हणावेत तशा. पाच. सहा. ताटली आधी हिरवट झाली, मग निळसर, मग रुपयाएवढी. दहा. अकराव्या गाठीला मला काही दिसेना.

"गेली," मी म्हणाले.

"नाही. आहे अजून." ती पाण्यावर वाकली होती, दोन्ही तळहातांनी डोळ्यांवर आडोसा धरून. "बघ ना नीट."

मी पुष्कळ बघितलं. तेराव्या गाठीला तिनं मान हलवली आणि दोरी ओढायला घेतली. वर आलेली ताटली बर्फासारखी गार होती. मांडीवर घेऊन तिनं ती ओढणीनं पुसली.

परतायच्या दिवशी टाकीत दोनच दिवे उरले होते. तिच्या घरामागच्या नळावरून टाकी भरून घ्यायची ठरली. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी असते, तिचं एक टोक तिनं नळाला लावलं, दुसरं मी गाडीच्या कुशीतल्या तोंडात धरलं. उंचावरचं घर, दाब कमी. टाकी भरायला पंधरा-वीस मिनिटं लागणार होती. मुलं गाडीत. नवरे टायरची हवा बघत होते. आई पायरीवर बसून लसूण सोलत होती.

नळी हातात थरथरत होती. मी म्हणाले, "मी तेव्हा फोन करायला हवा होता."

ती नळाकडे बघत होती. "हो," म्हणाली. "करायला हवा होतास."

पाण्याचा आवाज टाकीत खोलवर होता, हळूहळू वर येत होता. मग ती बोलायला लागली. त्या रात्री इथं बर्फ पडत होतं. पुण्याला सकाळ झाली होती. भावानं फोन समोर धरला, चित्र सारखं थांबत होतं. मुलगी शेजारच्या खोलीत झोपली होती, लाकडाच्या भिंती, म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला. नंतर सुतकात भेटायला येणार कोण? तेराव्याला तिनं एकटीनं पुरणाचा स्वयंपाक केला आणि ताट घेऊन तळ्यावर गेली. काठावर कुणी नव्हतं, ओरडून रडायला जागाच जागा होती, पण आवाज निघाला नाही. "आपल्या भाषेत माझ्याकडे बघून 'रड गं' म्हणणारं कुणीतरी लागतं," ती म्हणाली.

लसणाची पाटी बाजूला ठेवून आई केव्हा उठली ते आम्हाला कळलं नाही. दुखरे गुडघे टेकत ती आली, मैत्रिणीचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं आणि माणदेशात बायका म्हणतात तसं, जुन्या सुरात म्हणाली, "रड गं माझे बाय. रड." आणि ती रडली. पाइनच्या झाडांमधून तो आवाज खाली पाण्यापर्यंत गेला असेल. शेजारच्या घराचं दार उघडून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, काय समजायचं ते समजून परत आत गेले. मी नळी धरून उभी होते. टाकी भरून पाणी माझ्या हातावरून, पायांवरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायला कुणी हललं नाही.

आईनंच शेवटी सांगितलं, "पाणी वाया जातंय गं."

फ्रीमाँटला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सकाळी गाडी परत द्यायची होती, टाक्या रिकाम्या करून. सांडपाणी वाटेत रीतसर टाकून झालं होतं. चांगल्या पाण्याचे तीन दिवे अजून पेटलेले होते. नवरा खालची चावी उघडून ते रस्त्याकडेच्या गटारात सोडणार, तर आईनं त्याचा हात धरला. "कुठलं पाणी आहे ते, जावईबापू?"

तिनं बादली लावली. थोरलीनं तांब्या आणला. अंधार पडेपर्यंत त्या दोघी अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. आधी तुळस, मग कढीपत्ता, मग कुंपणाशी वाळत चाललेलं लिंबू. आई बादल्या घागरींच्या हिशेबानं मोजत होती, आणि सातवी भरली तेव्हा माझ्या फोनवर मैत्रिणीचं नाव उजळलं.