पाच वर्षं आणि 78 हजार किलोमीटर

येत्या दसऱ्याला आमच्या गाडीला पाच वर्षं होतील. मंडळाच्या कार्यक्रमाला आलो की पार्किंगमध्येच दोन-तीन मुलं हमखास गाठतात. "काकू, ॲव्हरेज किती देते?" "मेंटेनन्स परवडतो का?" "आत्ता घ्यावी का?" उभ्याउभ्या अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं. शेवटच्या प्रश्नासाठी तर नक्कीच. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस मिळून 50 टक्के लागत होते, ते 40 टक्क्यांवर आले. तेव्हापासून बऱ्याच घरांत हा विषय रात्रीच्या जेवणाला निघतो आहे.

आमच्या गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा कंपनीवर जाते. बीएमडब्ल्यू एक्स वन, मर्सिडीज जीएलए, ऑडी क्यू थ्री, व्होल्वो एक्ससी फोर्टी या ज्या 'छोट्या लक्झरी एसयूव्ही' म्हणून ओळखल्या जातात, त्यांतलीच एक समजा. नावं परदेशी असली तरी जीएलएची जुळणी चाकणला होते आणि क्यू थ्रीची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, हेही जाता जाता सांगून ठेवते. आमची गाडी डिझेलवरची, ऑटोमॅटिक, 2021 च्या दसऱ्याला घेतलेली.

एवढी महाग गाडी का घेतली, हे आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढच्या हिशेबाला अर्थ नाही. माझी आई कोल्हापूरला राहायची. तिला पार्किन्सन्स होता. भाऊ परदेशात, त्यामुळे डॉक्टर, औषधं, बाईची व्यवस्था हे सगळं मी उणकलमधून बघत होते. अंतर साधारण 200 किलोमीटर. हरिप्रिया एक्स्प्रेस आहे, बसेस आहेत, आणि एकटी असले की मी त्यांनीच जायची. पण आईला इकडे आणायचं किंवा परत पोचवायचं म्हटलं की अडायचं. रेल्वेच्या डब्याची पायरी तिला चढता येत नव्हती. जुन्या सेडानमध्ये ती खाली बसायची ती उठायचीच नाही. दिरांच्या मोठ्या एसयूव्हीत चढायला स्टूल लागायचं.

शोरूमला आम्ही तिला घेऊनच गेलो. या गाडीच्या मागच्या सीटची उंची तिच्या कमरेला बरोबर आली. पाठमोरं उभं राहायचं, टेकायचं, मग मी तिचे पाय उचलून आत घ्यायचे. कुणी तिला उचलावं लागलं नाही. "ही चालेल बघ," म्हणाली. इंजिन, सनरूफ, स्पीकर यांबद्दल विक्रेता बराच वेळ बोलत होता, पण आमचा निर्णय त्या उंचीवर झाला होता.

पुढची जवळजवळ चार वर्षं महिन्यातून एकदा, कधी दोनदा, तो रस्ता झाला. हिरेबागेवाडी, हत्तरगी, कोगनोळी हे टोलनाके मला घरच्या खोल्यांसारखे पाठ झाले. (तुम्ही नेहमी या रस्त्याने जात असाल तर 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास जरूर बघा. सुरू झाला तेव्हा तो 3000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, असा होता. आमच्या वेळी तो असता तर बरेच पैसे वाचले असते.)

हायवेवर या गाडीला खरंच तोड नाही. तवंदी घाटात मालट्रकच्या मागे अडकल्यावर पुढे निघायला तिला दम लागत नाही. 100 च्या वेगालाही आत आवाज नाही, त्यामुळे आई शांत झोपायची. ब्रेकवर भरवसा वाटतो. हायवेला 17-18 चं ॲव्हरेज मिळतं, गावात 11-12. सगळं मिळून 15 धरा.

पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, सस्पेन्शन कडक आहे. आमच्या गाडीला रन-फ्लॅट टायर होते. हवा गेली तरी साधारण 80 च्या वेगाने सुमारे 80 किलोमीटर चालवता येते, म्हणून कंपनी स्टेपनी देत नाही. त्या टायरच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात, त्यामुळे खड्डा थेट पाठीला कळतो. रुंदीकरणाच्या कामांमुळे डायव्हर्जन आलं की आई मागचं हँडल घट्ट धरून बसायची.

दुसरी गोष्ट टायरचीच. 2023 च्या पावसाळ्यात संकेश्वरच्या अलीकडे खड्ड्यात टायरची बाजू कापली गेली. रन-फ्लॅट असल्यामुळे आम्ही बेळगावपर्यंत हळूहळू आलो, इथवर ठीक. पण त्या मापाचा टायर बेळगावातही नव्हता आणि हुबळीतही. बाहेरून मागवायला तीन दिवस गेले. आई तेव्हा गाडीत होती. तिला भाड्याच्या गाडीने उणकलला आणलं, गाडी बेळगावला राहिली. पुढे चारही टायर बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही साधे टायर घातले, डिकीत एक स्टेपनी ठेवली. सामानाची जागा कमी झाली, पण गाडी मऊ झाली आणि जिवाला घोर राहिला नाही. तुमच्या घरात वयस्क माणसं असतील तर गाडी बघायला जाताना टायर कुठल्या प्रकारचे आणि स्टेपनी आहे की नाही, हे पहिल्यांदा विचारा.

आता पैसे. आमच्याकडे डायरीत सगळं लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून हे आकडे अंदाजाचे नाहीत. ऑन-रोड 53 लाख पडले. कर्नाटकात 20 लाखांच्या वरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला रस्ता कर 18 टक्के, त्यावर अधिभार, म्हणजे जवळजवळ 20 टक्के. तो एकरकमी भरायचा. कोल्हापूरच्या नातेवाइकांनी तेव्हा सुचवलं होतं, "एमएच 09 वर घे, स्वस्त पडेल." आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा सल्ला मिळतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. आपण राहतो हुबळीत, तर गाडीही केए 63 च बरी. 10 लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, तो मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विसरू नका.

पाच वर्षांत विमा साडेचार लाख. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, ब्रेक पॅड मिळून चार लाख 30 हजार. डिझेल चार लाख 60 हजार. आज गाडी विकायला काढली तर 25 लाख मिळतात, म्हणजे किमतीतून 28 लाख गेले. सगळ्यांची बेरीज 41 लाख 40 हजार. भागिले 78 हजार किलोमीटर. एका किलोमीटरला 53 रुपये. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही.

या बेरजेकडे नीट बघा. लोक ॲव्हरेज विचारतात, पण डिझेल हा यातला जेमतेम नववा भाग आहे. सर्वात मोठा खर्च गाडी दारात उभी असतानाही होतच असतो. विमा कंपन्यांच्या तक्त्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीची घसारा वजावट 50 टक्के धरतात. गाडी फिरवा किंवा झाकून ठेवा, ते पैसे जातातच.

आणि इथे मला खरं सांगायचं आहे ते येतं. गेल्या श्रावणात आई गेली. कोल्हापूरच्या फेऱ्या थांबल्या. मुलं पुण्याला, ती रेल्वेने येतात-जातात. ह्यांना गोकुळ रोडला कारखान्यावर जायला स्कूटर सोयीची पडते. मला धारवाडला काम असलं तर मी चिगरी बसने जाते, कारण बीआरटीएसची स्वतंत्र लेन असल्यामुळे ती पीबी रोडवरच्या गर्दीत अडकत नाही. गाडी उरली विद्यानगरची भाजी, बँक आणि संध्याकाळी तळ्यापर्यंत जायला. तीन किलोमीटर जायचं, तीन किलोमीटर यायचं.

दोन महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डीपीएफ. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. बीएस-6 चे नियम 1 एप्रिल 2020 पासून आले, तेव्हापासून ती जवळपास सगळ्याच डिझेल गाड्यांत आली. ही जाळी साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालावी लागते. तीन किलोमीटरमध्ये इंजिन कोमटही होत नाही. काजळी साठत जाते. शिवाय या गाड्यांत डीईएफ म्हणून वेगळं द्रव भरावं लागतं, म्हणजे पाण्यात 32.5 टक्के युरिया. ते संपू दिलं तर गाडी सुरूच होत नाही. मेकॅनिकने कॉम्प्युटर लावून बघितलं आणि हसून म्हणाला, "अक्का, गाडी ओडिसबेकु री." गाडी चालवायला हवी, एवढंच. बिघाड काही नव्हता.

मग आम्ही रविवारी सकाळी कित्तूरपर्यंत जाऊन यायला लागलो. दिवा गेला. पण तिसऱ्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, आपण गाडीला फिरवून आणतोय, गाडी आपल्याला कुठे नेत नाहीये. चार वर्षं 53 रुपये किलोमीटर मला एकदाही महाग वाटले नव्हते. आई झोपेत असताना हत्तरगीच्या पुढचा तो सरळ रस्ता यायचा, तेव्हा मी मनातसुद्धा हिशेब केला नाही. गाडी तीच आहे, खर्च तोच आहे. फक्त जायचं ठिकाण राहिलं नाही.

म्हणून "घ्यावी का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं. आधी गेल्या वर्षभरात तुम्ही कुठे कुठे गेलात ते कागदावर लिहा. महिन्याला दोन-तीनदा लांबचा प्रवास असेल, घरात बसायला-उठायला त्रास होणारं माणूस असेल, किंवा रात्री-अपरात्री हायवेवर असावं लागत असेल, तर या गाडीचा प्रत्येक रुपया वसूल होतो. बहुतेक फेऱ्या गावातल्या असतील आणि तरी घ्यायचीच असेल, तर डिझेल घेऊ नका, पेट्रोल घ्या. सुरक्षिततेसाठी एवढी मोठी रक्कम मोजायची आता गरज नाही. टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे डिसेंबर 2018 मध्येच मिळाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. तिथले तारे बघून निम्म्याहून कमी किमतीत भक्कम गाडी मिळते.

आणखी एक घरगुती उपाय. शोरूमला जाण्याआधी सहा महिने ईएमआय, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून जेवढे होतील तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. घर नीट चाललं, कुणाची चिडचिड झाली नाही, तर पुढे जा. नाही जमलं तर निदान तेवढी शिल्लक हातात राहील. घेतलीत तर मूळ वॉरंटी संपायच्या आत ती वाढवून घ्या. नंतर घ्यायला गेलं तर महाग पडते, किंवा मिळतच नाही.

आमचं म्हणाल, तर ठरलं आहे. माझी नणंद बेळगावला असते. तिच्या यजमानांना कामासाठी दर आठवड्याला चोर्ला घाटातून पणजीला जावं लागतं, आणि तिच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. दसऱ्याला हार घालून, पूजा करून गाडी त्यांच्याकडे जाईल. बाजारभावापेक्षा थोडी कमी किंमत लावली आहे. मागच्या डाव्या दारावरचं हँडल सैल झालं आहे, ते आधी घट्ट करून घ्यायचं आहे, कारण सासूबाई तिथेच बसतील. आम्ही एक छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक बुक केली आहे. तळ्यापर्यंत जायला ती पुष्कळ झाली.