पिवळ्या दिव्याची तक्रार

मलकापूरसारख्या कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठेत दोन आसनांची स्पोर्ट्स कार बाळगणे व्यापारी माणसाला शोभत नाही, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे मत होते. आणि निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. त्या गाडीत ना घरची माणसे मावत, ना मालाचे एक पोते. तरीही माझ्या थोरल्या बंधूंनी ती जुनी विदेशी गाडी हौसेने मुंबईहून आणली आणि हयात असेपर्यंत स्वतःच्या हाताने पुसून, झाकून सांभाळली. त्यांच्या पश्चात ती विकण्याचा विषय निघाला, तेव्हा वहिनींनी एवढेच सांगितले, “मुलगा चालवणार असेल तर राहू द्या, पण ब्रेकची मला खात्री पाहिजे.”

ही खात्री देणे सोपे नव्हते, कारण डॅशबोर्डवरील एबीएसचा पिवळा दिवा त्या सुमारास अधूनमधून लागू लागला होता. शिवाय एक विचित्र लक्षण होते. वेगात असताना ब्रेक उत्तम लागत. परंतु गाडी अगदी थांबण्याच्या बेतात आली की पेडल पायाखाली गुरगुरल्यासारखे थरथरे आणि गाडी हात-दीड हात पुढे सरकूनच थांबे. मोकळ्या रस्त्यावर दीड हाताला किंमत नसते. आठवडी बाजारात, पुढे हातगाडी आणि तिच्यामागे एखादे लेकरू असेल, तर तिथे फार मोठी किंमत असते. पुतण्याला बुलढाण्याला जायचे म्हणजे राजूर घाट चढणे-उतरणे आलेच, आणि पावसाळा तोंडावर होता.

एबीएसचे मूळ काम समजून घेतल्याशिवाय या लक्षणाचा अर्थ लागत नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक जागीच आवळले जाते आणि घसरू लागते; घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग जुमानत नाही. म्हणून प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर बसवून त्या चाकाचा वेग सतत मोजला जातो. एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांच्या मानाने अचानक कोसळला, तर संगणक त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा देतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. विमानांच्या चाकांसाठी अशी व्यवस्था आधीच होती. मोटारीत तिचे आजचे इलेक्ट्रॉनिक रूप बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या गाडीतून आणले. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, त्यामुळे आता हा पिवळा दिवा घरोघरी आहे, फक्त त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणजे आमच्या गाडीत घडत होते ते असे: चाक आवळले जात नव्हते, तरी ते आवळले गेले असा खोटा निरोप कोणीतरी संगणकाला देत होते, आणि संगणक इमानेइतबारे ब्रेक सोडत होता.

एका मोठ्या शहरातील वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांनी स्कॅनर लावला. पुढील उजव्या चाकाच्या सेन्सरचा दोष उमटला. त्यांनी तो सेन्सर बदलला, दिवा विझवला आणि बिल हातात ठेवले. रक्कम चांगलीच होती. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. फोनवर उत्तर आले, आता ब्रेकचा मुख्य संगणकच बदलावा लागेल. त्याची किंमत ऐकून घरात गाडी विकण्याचा विषय नव्याने निघाला, यात नवल नाही. कोणी दिव्याचा बल्बच काढून टाकण्याचा सल्ला दिला. पेढीवर ज्याने आयुष्य काढले त्याला हा सल्ला मानवणारा नव्हता. मेळ बसत नाही म्हणून कोणी रोजमेळाचे पान फाडत नाही.

माझे म्हणणे इतकेच होते, की तक्रार ज्याच्या नावावर नोंदली गेली तोच गुन्हेगार असतो असे नाही. स्कॅनर सांगतो ते खाते. चूक नोंदीत आहे, मालात आहे की वाटेत, हे आपणच शोधावे लागते. गावातल्या मिस्त्रींना हे पटले. जुन्या पद्धतीचा हा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. त्याच्यासमोर चाकाबरोबर दात्यांचे एक लोखंडी कडे फिरते. एकेक दाता समोरून गेला की तारेत विजेची एक लहर उठते. लहरी मोजल्या की वेग कळतो. तेव्हा निरोप बिघडण्याच्या जागा तीनच: सेन्सर, वायर, किंवा कडे.

ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरी आणि फ्यूज त्यांनी आधी पाहिले. बॅटरी अशक्त असली तरी असे दिवे लागतात, आणि ते तपासायला पैसे पडत नाहीत. मग पुढच्या दोन्ही सेन्सरांचा रोध मीटरने मोजला. डाव्या-उजव्याचे आकडे जवळजवळ सारखे. सेन्सरच्या टोकाला काळी भुकटी चिकटलेली होती. ती ब्रेकच्या चकतीच्या झिजेची; आपल्या काळ्या मातीतही चुंबकाला चिकटणारे कण असतात. ती पुसली, तरी लक्षण तसेच. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, वायर हलवून पाहिली. आकडा ढळला नाही. राहिले कडे. ते मात्र मीटरने कळेना.

येथे मदतीला आले टीव्ही दुरुस्त करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. हल्ली टीव्ही दुरुस्तीला येत नाहीत, फेकले जातात. त्यामुळे त्यांचा ऑसिलोस्कोप कित्येक महिन्यांत सुरूही झाला नव्हता. तो त्यांनी गोदामात आणून मांडला. चाक जॅकवर उचलले, सेन्सरच्या दोन तारा यंत्राला जोडल्या आणि मिस्त्री हाताने चाक फिरवू लागले. हिरव्या पडद्यावर लहरींची रांग सरकू लागली. मध्येच एक लहर पसरट आली. पुन्हा रांग, पुन्हा एक पसरट. पुतण्याने टायरवर पोत्याला करतो तशी खडूची खूण केली. दहा फेऱ्या फिरवल्या. पसरट लहर दहा वेळा आली आणि दरवेळी खूण त्याच जागी होती. वायर तुटकी असती तर खंड वाटेल तेव्हा पडला असता. चाकाच्या फेरीशी बांधलेला दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूतच असणार.

हब उतरवल्यावर कारण दिसले. कड्याखाली गंज धरला होता. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्याने कडे आतून फुगवले आणि दोन दात्यांच्या मध्ये केसासारखी चीर पडली. तेवढ्या फटीने तिथले अंतर वाढले होते. वेगात हा खंड सरासरीत बुडून जातो. सावकाश चालताना मोजायला दातेच थोडे असतात, म्हणून संगणकाला वाटे, चाक अडले. गाडी थांबतानाच ती का सरके, याचा उलगडा असा झाला.

नवे कडे मुंबईहून कुरिअरने मागवले. त्याची किंमत त्या निष्कारण बदललेल्या सेन्सरच्या मानाने किरकोळ होती. मिस्त्रींनी हब एमरी पेपरने घासून स्वच्छ केला आणि कडे गरम करून बसवले. चार दिवस गावातच चालवून पाहिल्यावर पुतण्या वहिनींना शेजारी बसवून घाटातून बुलढाण्याला गेला. परतल्यावर वहिनी ब्रेकविषयी काही बोलल्या नाहीत. छप्पर उघडे ठेवल्याने केस विस्कटले, अशी तक्रार मात्र केली.

एक गोष्ट वाचकांच्या कानावर घालतो. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक सहसा शाबूत असतो, चाक आवळण्यापासूनचे संरक्षण तेवढे गेलेले असते. सावकाश चालवत मिस्त्रीपर्यंत पोहोचता येते. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच उभी करावी, मग दुकान उघडायला कितीही उशीर होवो.

डाव्या बाजूच्या कड्याखालीही गंजाची सुरुवात आहे, असे मिस्त्री म्हणतात. दिवाळीची खरेदी-विक्री आटोपली की ते काम घ्यायचे ठरले आहे, आणि कडे आताच मागवून ठेवले आहे.