वांदाची मालती

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४३ साली, तेथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. पाच हजारांच्या आसपास माणसे. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधील घरांतून उठवून सैबेरियाच्या थंडीत धाडले होते. त्या मुलखाचा मोठा भाग आज युक्रेनमध्ये आहे. पुढे इराणमार्गे ही माणसे हिंदुस्थानात आली. वळिवड्याच्या बराकींत त्यांच्या मुलांच्या शाळा भरू लागल्या.

या वस्तीत वांदा नावाची एक तरुणी होती. कोल्हापूरच्या एका मराठी तरुणाशी तिचा विवाह झाला. सासरी नववधूचे नाव बदलण्याची आपल्याकडे रीत. वांदाची मालती झाली. इतर सुनांचे बहुधा नावच तेवढे बदले. हिला मात्र भाषा, वेष, अन्न, सारेच नव्याने शिकावयाचे होते. आणि ते तिने शिकून घेतले.

१९४८ साली छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी परतले. ज्यांच्याशी आईच्या भाषेत दोन शब्द बोलावेत, ती माणसे निघून गेली. मालती कोल्हापुरातच राहिली. पहिले घर सुटले ते परक्यांच्या हुकमाने. हे घर तिने आपण होऊन निवडले होते. येथेच तिने संसार केला, मुले वाढविली.

वळिवड्याच्या त्या बराकींत मग फाळणीने सिंधमधून उठविलेली कुटुंबे राहावयास आली. आजचे गांधीनगर ते हेच.